एकच पाय सुजला, तर चोळण्यापूर्वी थांबा

पोटरी दुखू लागली की आपल्या सांगली-साताऱ्याकडे पहिला उपाय ठरलेला असतो: कोमट तेल लावून मालीश करणे. दिवसभर उसाच्या फडात राबलेल्या दोन्ही पायांना त्याने आराम पडतोही. परंतु एकाच पायाला सूज असेल तर तो पाय मुळीच चोळू नये, कारण पायातल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली असल्यास ती सुटून हृदयामार्गे फुप्फुसात जाऊन अडकू शकते आणि तेथे ती जिवावर बेतते.

गुडघ्याखाली साधारण 10 सेंटीमीटरवर दोन्ही पोटऱ्यांचा घेर शिंप्याच्या टेपने मोजावा. फरक 3 सेंटीमीटरपेक्षा अधिक असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही, म्हणून हाताची मागची बाजू दोन्ही पायांवर ठेवून कोणता पाय अधिक गरम लागतो ते पाहावे. फरक कमी भरला म्हणून निर्धास्त मात्र राहू नये. दुखणे एकाच पायात असून वाढत असेल तर तेवढेही तपासणीसाठी पुरेसे कारण आहे.

पायाला काहीही न होता थेट फुप्फुसाचीच लक्षणे दिसू शकतात. अचानक धाप लागणे, दीर्घ श्वास घेताना छातीत कळ येणे, छाती धडधडणे, खोकल्यातून रक्त पडणे किंवा भोवळ येऊन पडणे, यांपैकी काहीही झाले तर ‘पित्त असेल, सकाळी बघू’ असे म्हणत रात्र काढू नये. लगेच 108 क्रमांकावर फोन करावा. रुग्णाला चालवू नये आणि दुचाकीवर मध्ये बसवून नेऊ नये.

गुठळी होण्यामागची तीन कारणे जर्मन वैद्य रुडॉल्फ व्हिर्शो यांच्या नावाने ओळखली जातात: रक्ताचा प्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. त्यांचा जन्मदिवस, 13 ऑक्टोबर, जागतिक थ्रॉम्बोसिस (म्हणजे रक्ताची गुठळी होणे) दिन म्हणून पाळला जातो. खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत ही तिन्ही कारणे एकत्र येतात. मिरजेत शस्त्रक्रिया करून गावी परतलेल्या रुग्णाच्या घरच्यांना वाटते की धोका टळला. प्रत्यक्षात तो पुढे कित्येक आठवडे राहतो. त्यामुळे गुठळी टाळण्यासाठी काही औषध द्यायचे आहे का आणि किती दिवस, हे घरी निघण्यापूर्वीच विचारून लिहून घ्यावे.

बाळंतिणीलाही पहिले 6 आठवडे विशेष जपावे लागते. सव्वा महिना तिला खाटेवरून उठू न देण्यामागे माया असते, हे मान्य. पण डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर तिने घरात थोडे थोडे चालणेच हिताचे आहे. एका गोष्टीविषयी मला फार तळमळीने सांगावेसे वाटते. गौरी-गणपतीत किंवा घरच्या पूजेला पाळी पुढे ढकलण्यासाठी ज्या गोळ्या परस्पर मेडिकलमधून आणल्या जातात, त्यांतील नॉरएथिस्टेरॉन या संप्रेरकामुळेही गुठळीचा धोका वाढू शकतो. पूर्वी स्वतःला किंवा घरात कोणाला गुठळी झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती गोळी घेऊच नये.

सांगलीहून मुंबईला रात्रभर बसने जाताना गाडी थांबेल तेथे उतरून चार पावले चालावे, बसल्या जागी घोटे हलवावेत आणि पाणी पिणे टाळू नये.

निदानासाठी बहुधा पायाची डॉप्लर (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी) सोनोग्राफी आणि फुप्फुसाची शंका असल्यास सीटी स्कॅन करतात. त्यानंतर सुरू होणारे ‘रक्त पातळ करण्याचे’ औषध गुठळी वाढू देत नाही. ती विरघळवण्याचे काम शरीर हळूहळू स्वतः करते. म्हणूनच सूज ओसरली तरी औषध मनाने बंद करू नये. ते साधारणपणे किमान 3 महिने घ्यावे लागते. त्यांपैकी वॉरफरिन हे औषध चालू असेल तर आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याची, तपासणी चुकवू नये. पालेभाज्यांचा वॉरफरिनवर परिणाम होतो, तरी मेथी-पालक सोडण्याची गरज नाही, फक्त रोजचे प्रमाण एकदम बदलू नये. अंगदुखीच्या गोळ्या परस्पर घेतल्यास रक्तस्राव होऊ शकतो. डांबरासारखी काळी शौच झाली, किंवा पडून डोक्याला मार लागला, तर बाहेर रक्त दिसत नसले तरी तातडीने रुग्णालय गाठावे आणि पोहोचताच आधी चालू गोळीचे नाव सांगावे.