‘मार्चा’चं भाषांतर ‘मार्च’ होत असेल तर : माझा अनुभव

जळगावात घरी बसून मी स्पॅनिश वैद्यकीय अहवाल इंग्रजीत करतो. अडलो होतो चालण्याच्या दोषांवर. स्पॅनिश ‘मार्चा’ म्हणजे चालण्याची ढब, पण भाषांतराचं यंत्र तिचं ‘मार्च’ करायचं. हवं असतं ‘गेट’ (gait). ‘मार्चा एन सेगादोर’चं तर काहीच्या काही. साधा शब्दकोश पाहिला, शब्दशः करून पाहिलं, अर्थ लागेना. तीन रात्री गेल्या, अगदी रडकुंडीला आलो.

जमलं ते असं. आधी नाव बाजूला ठेवून अहवालातलं वर्णन वाचलं: कोणता पाय, कुठला सांधा, पाऊल कसं पडतं. सेगादोर म्हणजे कापणी करणारा. आपल्या खान्देशात ज्वारी वाकून विळ्यानं कापतात, म्हणून चित्रच दिसेना. तिकडे लांब दांड्याचं पातं अर्धवर्तुळात फिरवतात. अर्धांगवायूत ताठ झालेला पाय तसाच बाहेरून फिरत पुढे येतो. म्हणजे ‘हेमिप्लेजिक गेट’.

मग ‘डेक्स’ (DeCS) या आरोग्यविषयक शब्दसूचीत स्पॅनिश संज्ञा टाकली. तिथे त्याच नोंदीत इंग्रजी नाव मिळतं. ‘गेट डिसऑर्डर्स, न्यूरोलॉजिक’ (मज्जासंस्थेमुळे येणारे चालण्याचे दोष) असं व्यापक शीर्षक तिथूनच घेतलं. शेवटी इंग्रजी व्याख्या पुन्हा रुग्णाच्या वर्णनाशी ताडली. ही पायरी गाळू नका.

‘एस्तेपाखे’ म्हणजे ‘स्टेपेज गेट’: पाऊल लोंबतं, म्हणून गुडघा उंच उचलावा लागतो. ‘कोखेरा’ म्हणजे लंगडणं, ‘लिंप’. पण ‘क्लाउदिकासिओन इंतेरमितेंते’ला ‘लिंप’ लिहू नका. त्यात चालताना पोटरीत कळ येते, थांबलं की जाते. दोष बहुधा रक्तपुरवठ्याचा. तिथे ‘इंटरमिटंट क्लॉडिकेशन’च.