बडोद्यात गौरी-गणपतीची खरेदी

दांडिया बाजारात सासर असलं की आल्यागेल्याला बाजार दाखवायचं काम आपल्याच गळ्यात पडतं. म्हणून नव्या सुनांसाठी एकदाच लिहून टाकते.

फुलं खंडेराव मार्केटातच घ्या. सयाजीराव महाराजांच्या काळात, 1906 साली बांधलेली ही इमारत. आता पुढे महानगरपालिका, मागे भाजी-फुलांचा बाजार. सकाळी लवकर गाठा. झेंडू वजनावर मिळतो, तेव्हा टोपलीत तळाशी हात घालून बघा. ओला लागला तर पुढे चला, पाण्याचे पैसे कशाला मोजायचे? दूर्वांची जुडीही सोडवून बघा. वर कोवळ्या दिसतात नि आत नुसतं गवत निघतं. घासाघीस गुजरातीतच करा, मोडकीतोडकी चालते. भाजीवर कोथिंबीर-मिरची मागायला लाजू नका, भाजीवाल्या स्वतःहूनही टाकतात.

गौरींच्या साड्यांना मंगळबाजार किंवा नवाबाजार. नवरात्राच्या चणिया-चोळीची झुंबड उडायच्या आत उरका, नाहीतर फॉल-पिकोवाला दाद देत नाही.

रिक्षा न्यायमंदिरापाशीच सोडा. आत गाडी घालणाऱ्या नवऱ्याला घरीच बसवा.