कामावरची ये-जा: जुने-नवे आकडे ताडून कसे पाहावेत

शहरातली माणसं कामावर कशी जातात आणि ते कसं बदललं, हे जनगणनेच्या तक्त्यांवरून बरंच कळतं. अमेरिकेत हा प्रश्न १९६० पासून विचारला जातो. पण तक्ते हाती आले की लगेच आलेख काढायला बसू नका. आधी प्रत्येक वर्षीचा प्रश्न शब्दशः वाचा.

वाटेत वाहन बदलणाऱ्यानं काय लिहायचं, हे पहिल्यांदा शोधा. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये सर्वांत जास्त अंतर ज्या साधनानं कापलं जातं, तेच धरतात. घर ते स्टेशन एक किलोमीटर चालून पुढं अठरा किलोमीटर रेल्वेनं जाणारा माणूस फक्त ‘रेल्वे’त जातो. म्हणजे ‘पायी’ या रकान्यात मुख्यतः सगळी वाट चालणारेच उरतात.

मग मोजणी कोणाची, ते बघा. भारताच्या २०११च्या जनगणनेत हा प्रश्न ‘इतर कामगारां’पुरताच होता, शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातले लोक त्यात नाहीत. शहरात यानं फारसं बिघडत नाही, पण हद्दीबाहेरची गावं जोडलीत तर बिघडतं. हद्दवाढ झाली असेल तर दोन्ही वर्षांना एकच हद्द लावा.

सगळ्यात जास्त गफलत होते ती घरून काम करणाऱ्यांमुळे. समजा, दोन्ही वर्षी कामगार १,००,०००. आधी घरून ५,००० आणि बसनं १९,०००. नंतर घरून ३०,००० आणि बसनं १४,०००. एकूण कामगारांत बसचा वाटा १९ टक्क्यांवरून १४ वर आला. पण घराबाहेर पडणाऱ्यांत तो आधी ९५,००० पैकी २० टक्के, नंतर ७०,००० पैकीही २०च! प्रवासी घटले, पण बस सोडून कोणी दुसरीकडे वळलं असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही. दोन्ही टक्केवाऱ्या शेजारी-शेजारी द्या, मूळ संख्याही द्या.

मोजणीचा दिवसही तपासा. इंग्लंड-वेल्सची २०२१ची जनगणना २१ मार्चला, ऐन टाळेबंदीत झाली, कामगारांपैकी ३१.२ टक्के लोकांनी घरून काम करत असल्याचं सांगितलं. २०११च्या बिंदूपासून तिथपर्यंत सरळ रेघ ओढू नका, २०२१चा बिंदू सुटा ठेवा.

दोन वर्षांचे रकाने जुळत नसतील तर बारीक रकाने एकत्र करून जाड, म्हणजे अनेक साधनं एकत्र मोजणाऱ्या, रकान्याशी जुळवा. उलटं, म्हणजे जुना जाड रकाना अंदाजानं फोडणं, कधीच करू नका.