नसलेला पत्ता टाकला आणि जाहिरातींचं पान उघडलं? या चुका टाळा

पत्ता टाइप करताना एखादं अक्षर चुकलं, तर ब्राउझरने सरळ सांगायला हवं की ही साइट सापडत नाही. त्याऐवजी कुठलंसं सर्चचं पान उघडतं, वर ‘तुम्ही हे शोधत होतात का?’ आणि खाली जाहिरातींची रांग. हे दिसलं की बहुतेकांच्या तोंडून पहिला शब्द निघतो, व्हायरस. मग अँटिव्हायरस चालवा, मग दुकानात न्या, मग फॉरमॅट मारा. एवढं करून लॅपटॉप घरी आणला, वाय-फाय लावलं, तोच चुकीचा पत्ता टाकला, की पुन्हा तेच पान.

कारण बऱ्याचदा बिघाड लॅपटॉपमध्ये नसतोच. ब्राउझर आधी डीएनएस सर्व्हरला, म्हणजे साइटच्या नावांची यादी सांभाळणाऱ्या संगणकाला विचारतो, या नावाचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आकडी पत्ता) काय? हा सर्व्हर साधारणपणे तुमच्या इंटरनेट पुरवठादाराचा असतो. नाव अस्तित्वातच नसेल तर नियमाप्रमाणे उत्तर यायला हवं, ‘असं नाव नाही’. तांत्रिक भाषेत याला एनएक्सडोमेन म्हणतात. काही पुरवठादार या नकाराच्या जागी स्वतःच्या जाहिरात-सर्व्हरचा पत्ता देतात. ब्राउझर बिचारा तिथे जातो. तुमच्या टायपिंगच्या चुकीवर कुणीतरी पैसे कमावतो, एवढाच सगळा मामला.

हा उद्योग जुना आहे. डॉट कॉम आणि डॉट नेटची मुख्य नोंदवही सांभाळणाऱ्या व्हेरिसाइन कंपनीने १५ सप्टेंबर २००३ रोजी ‘साइट फाइंडर’ सुरू केलं. या दोन्ही शेपटांचं कुठलंही न नोंदलेलं नाव टाका, त्यांच्याच पानावर पोहोचा. पाठवणाऱ्याचं डोमेन खरंच आहे का हे तपासून स्पॅम अडवणारे मेल सर्व्हर गोंधळले, कारण आता प्रत्येक खोटं डोमेन ‘आहे’ असं दिसू लागलं. आरडाओरड झाली, इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅन संस्थेने दटावलं आणि ४ ऑक्टोबरला ते बंद झालं. पुरवठादारांच्या पातळीवरचा प्रकार मात्र पुढे चालूच राहिला.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक: उत्तर कोण देतंय हे न बघताच दुरुस्ती सुरू करणं

तीन गोष्टी बदलून बघा. तोच लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लावा. घरच्या वाय-फायवर दुसरं उपकरण, म्हणजे फोन, लावून बघा. आणि त्याच लॅपटॉपवर दुसरा ब्राउझर उघडा. घरच्या वाय-फायवर सगळ्याच उपकरणांना त्रास होत असेल, तर दोष राउटरचा किंवा पुरवठादाराचा. कुठल्याही नेटवर्कवर फक्त लॅपटॉपच भरकटत असेल, तर लॅपटॉपमध्ये काहीतरी शिरलंय किंवा त्याची डीएनएस सेटिंग कुणी बदलली आहे. आणि एकाच ब्राउझरमध्ये होत असेल तर एक्स्टेंशन्सची, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅम्सची यादी उघडा. ‘कूपन’, ‘पीडीएफ कन्व्हर्टर’ असल्या नावाचं, आपण कधी टाकलं ते आठवत नाही असं काहीतरी तिथे सापडण्याची शक्यता दाट.

चाचणीसाठी नाव निवडतानाही एक मेख आहे. ओळखीच्या साइटचं स्पेलिंग बिघडवून बघू नका. अशी चुकीची नावं लोकांनी आधीच विकत घेऊन ठेवलेली असतात, आणि तिथे दिसणारी जाहिरात त्या मालकाची असते, तुमच्या पुरवठादाराची नव्हे. कीबोर्डवर बोटं कशीही आपटून पंधरा-वीस अक्षरांचं निरर्थक नाव करा आणि पुढे डॉट कॉम लावा. एकदा सुरुवातीला डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून आणि एकदा न लावता बघा, कारण काही पुरवठादार फक्त डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवाली नावंच पळवतात. (क्रोम स्वतः हीच युक्ती करत असे. सुरू होताना तीन अर्थहीन नावं विचारायची आणि नेटवर्क खोटं बोलतंय का ते बघायचं.)

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून एनएसलुकअप (nslookup) ही कमांड आणि पुढे हे नाव दिलंत, तर ब्राउझर मधे न येता खरं काय ते कळतं. ‘नॉन-एक्झिस्टंट डोमेन’ असं आलं तर डीएनएस प्रामाणिक आहे, खोड ब्राउझरमध्ये. आयपी पत्ता आला तर चोर सापडला.

४०४ ला यात ओढू नका

साइट आहे, पण त्यातलं पान नाही, तेव्हा ४०४ येतो आणि तो त्या साइटचा सर्व्हर देतो. हरवलेल्या पानावरून कुणी तुम्हाला मुख्यपानावर ढकलत असेल तर ती त्या साइटवाल्याची करणी. वर्डप्रेस तर मिळत्याजुळत्या नावाच्या लेखावर आपणहून नेतं. इथे तुमचं डीएनएस बदलून काडीचा फरक पडणार नाही.

डीएनएस बदललं, पण अर्धवट

उपाय बहुतेकांना ऐकून माहीत असतो: गूगलचं ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचं १.१.१.१ लावा. उपाय बरोबर आहे, पण तो लॅपटॉपवर लावून फोन आणि टीव्ही तसेच सोडले जातात. राउटरमध्ये लावलं तर सगळ्या घराला लागू होतं. त्या निमित्ताने राउटरचा पासवर्डही बघा. अजून ‘अ‍ॅडमिन’च असेल तर आजच बदला, नाहीतर दुसरं कुणी आत शिरून डीएनएस बदलू शकतं. डीएनएसचेंजर नावाच्या मालवेअरने जगभरातल्या सुमारे ४० लाख संगणकांचं डीएनएस परस्पर बदललं होतं. एफबीआयने २०११ च्या नोव्हेंबरमध्ये ती टोळी पकडली. राउटरमध्ये अनोळखी डीएनएस पत्ता दिसला तर तो पुरवठादाराचा आहे का हे विचारून घ्या.

बदल केल्यावर जुनी उत्तरं कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात उरतात. ती न पुसता ‘काही उपयोग झाला नाही’ म्हणून लोक सेटिंग परत फिरवतात. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा, राउटर एकदा रीस्टार्ट करा.

तरीही जाहिरात येतच असेल, तर पुरवठादार वाटेतच तुमचे प्रश्न अडवून स्वतः उत्तर देतोय. साध्या डीएनएसचे प्रश्न पोर्ट ५३ या ठरलेल्या वाटेने उघड्यावर जातात, त्यामुळे हे जमतं. अशा वेळी एन्क्रिप्टेड, म्हणजे वाटेत कुणाला वाचता न येणारं डीएनएस हवं. क्रोममध्ये सुरक्षेच्या सेटिंगखाली ‘सिक्युअर डीएनएस’ आहे, पण ते नुसतं चालू करून भागत नाही. तिथे सध्याच्या पुरवठादाराचाच पर्याय निवडलेला असेल तर आपण त्याच दारात उभे. यादीतून दुसरा निवडा. अँड्रॉइड ९ पासून पुढे ‘प्रायव्हेट डीएनएस’ मध्येही ‘ऑटोमॅटिक’ न ठेवता सेवेचं नाव स्वतः लिहावं लागतं.

जाहिरातीच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘ही सेवा नको’ अशी लिंक असते. तिच्यावर फार विसंबू नका. काही ठिकाणी ती ब्राउझरमध्ये फक्त एक कुकी (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद) ठेवते. डीएनएस खोटं ते खोटंच, फक्त जाहिरातीऐवजी एररसारखं दिसणारं पान येतं.

सर्टिफिकेटची सूचना ओलांडणं

एचटीटीपीएसचा (सुरक्षित जोडणीचा) पत्ता असा पळवला गेला, तर जाहिरात-सर्व्हरकडे त्या नावाचं सर्टिफिकेट, म्हणजे साइटची ओळख पटवणारा दाखला नसतो, म्हणून ब्राउझर लाल सूचना दाखवतो. ‘तरीही पुढे जा’ दाबणं ही या यादीतली सगळ्यात वाईट चूक. २००८ मध्ये सुरक्षातज्ज्ञ डॅन कामिन्स्की यांनी दाखवून दिलं होतं, की अर्थलिंक या अमेरिकी पुरवठादाराच्या अशा जाहिरात-पानांत छिद्र होतं. खऱ्या साइटच्या नसलेल्या सबडोमेनवर (साइटच्या नावाआधी आणखी एक शब्द जोडून केलेल्या पत्त्यावर) हे पान उघडलं, की ब्राउझर ते त्या साइटचाच भाग समजे, आणि त्या छिद्रातून हल्लेखोराला त्या साइटच्या कुकीजपर्यंत पोहोचता येत असे. म्हणजे जाहिरात नुसती त्रासदायक नव्हती.

ऑफिसच्या लॅपटॉपवर मात्र यातलं काही परस्पर करू नका. कंपनीची अंतर्गत नावं कंपनीच्याच डीएनएसला माहीत असतात. सार्वजनिक डीएनएस लावलंत तर प्रिंटर आणि फाइल सर्व्हर गायब होतील. घरून व्हीपीएनवर काम करताना अंतर्गत साइटऐवजी जाहिरात उघडत असेल, तर एनएसलुकअपच्या उत्तराचा स्क्रीनशॉट काढून आयटीवाल्यांना पाठवा. ‘नेट चालत नाही’ यापेक्षा तो पाहून त्यांचं काम लवकर होतं.