डेथ मॅग्नेटिक परत ऐकायचाय? आधी आवाज कमी करा

मेटालिका या मेटल बँडचा डेथ मॅग्नेटिक हा अल्बम सप्टेंबर २००८ मध्ये आला तेव्हा आम्ही सांगलीत विश्रामबागला रूम करून राहायचो, तिघांत एक कम्प्युटर. आधीच्या २००३ च्या सेंट अँगरनं सगळ्यांचा मूड घालवलेला, गिटारचा एक सोलो नाही आणि स्नेअर ड्रम म्हणजे नुसता पत्र्याचा डबा, त्यामुळं इथं पहिल्याच गाण्यात गिटारवाल्या कर्क हॅमेटचा सोलो सुटला आणि आम्ही खरंच ओरडलो. पण तिसऱ्या गाण्यापर्यंत डोकं दुखायला लागायचं. कितीतरी वर्षं मला वाटायचं आपले स्पीकर फाटलेत.

स्पीकर चांगले होते. अल्बमच इतका मोठ्या आवाजात दाबून भरलाय की ड्रमच्या फटक्याचं टोक कापलं गेलंय. बघायचं असेल तर ऑडॅसिटी हे फुकटातलं सॉफ्टवेअर घ्या, त्यात पहिलं गाणं दॅट वॉज जस्ट युवर लाइफ उघडा, सुरुवातीची हृदयाची धडधड आणि हळू गिटार सोडून पुढं जा आणि झूम करा. आवाजाच्या लाटेला टोकं दिसायला पाहिजेत, तिथं आपल्या साताऱ्याकडच्या डोंगरांसारखे सपाट माथे दिसतील. मग शेजारी त्यांचाच १९८६ चा मास्टर ऑफ पपेट्स उघडा, फरक सांगायला लागणार नाही.

आता ऐकायचं कसं. स्पॉटिफायवर ऐकत असाल तर सेटिंगमध्ये नॉर्मलायझेशन चालू करा म्हणजे दोन्ही अल्बम साधारण एकाच पातळीला येतात आणि नुसता मोठा आहे म्हणून भारी वाटतोय का ते लगेच कळतं. दुसरं, गिटार हिरो गेमसाठी दिलेली आवृत्ती शोधून ऐका, त्यात एवढं दाबलेलं नाही, ड्रम श्वास घेतात, २००८ मध्येच लोकांनी हे पकडलं होतं. मास्टरिंग, म्हणजे अल्बमवर शेवटचा हात फिरवणाऱ्या टेड जेन्सननंही तेव्हा सांगितलेलं की सगळी वाद्यं एकत्र केलेलं मिक्स त्याच्याकडं येतानाच दाबलेलं होतं.

हे कानाला कसं शिकवायचं ते मला मिरजेत कळलं. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा आवाज लावताना कारागीर तार एकदाच छेडतो आणि गप्प बसतो, आवाज विरेपर्यंत ऐकतो, मग घोडीवर जरासं घासतो, परत छेडतो. तसंच इथं करा. स्नेअरचा फटका नका ऐकू, फटक्यानंतर काय उरतं ते ऐका.

सव्वा तासाचा अल्बम एका बैठकीत नका घेऊ, कान बधिर होतात. पहिल्या रात्री पाच गाणी, ऑल नाइटमेअर लाँगपर्यंत, बास. द डे दॅट नेव्हर कम्स शांत सुरू होतं म्हणून पुढं ढकलू नका, शेवटच्या तीन-साडेतीन मिनिटांत दोन गिटारी एकमेकींच्या मागं लागतात तो भाग हळू आवाजात ऐकला तेव्हा मला पहिल्यांदा वेगवेगळ्या ऐकू आल्या, सोळा वर्षांनी राव! बास गिटारवाल्या रॉबर्ट ट्रुहिओचा बँडसोबत हा पहिला स्टुडिओ अल्बम, त्याचा बासही तिथंच सापडतो.

दुसऱ्या दिवशी उरलेली पाच. द अनफर्गिव्हन थ्री मला अजूनही पटत नाही, आणि सुसाइड अँड रिडेम्प्शन जवळपास दहा मिनिटं शब्दांविना चालतं, त्यात मधला संथ भाग तेवढा मनापासून ऐका. शेवटी माय अपॉकलिप्स, पाच मिनिटांचं, सगळ्यात छोटं. एवढं एक मात्र दार लावून जोरात लावा.