डिशवॉशरचं पाणी तुंबलं? पंप बदलण्याआधी या चुका टाळा

गणपतीच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. आदल्या दिवशी जेवून गेलेल्या पंधरा माणसांची ताटं-वाट्या आणि मोदकांची पातेली दोन खेपांत मशीनला लावायचं ठरलं होतं. पहिलीच खेप निम्म्यावर थांबली. दार उघडलं तर तळाशी चार बोटं राखाडी पाणी, वर तुपाचा तवंग आणि ओल्या खोबऱ्याचा कीस. पॅनेलवर पाणी जात नसल्याचा कोड लुकलुकत होता.

मी बेळगावच्या उद्यमबागेत सव्वीस वर्षं मशीनशॉपमध्ये काढलेला माणूस. कान लावला, घुर्र आवाज ऐकला आणि जाहीर केलं, "पंप गेला." बायको म्हणाली, "अहो, सिंकाखाली ते नवीन कायतरी बसवलंय न्हवं, ते एकदा बघा की." मी बघितलं नाही. पंप मागवला, तो येईपर्यंत चार दिवस भांडी हातानं घासली, पंप बदलला, मशीन लावलं. पुन्हा तेच पाणी, तोच कोड.

झालं होतं असं. सणाआधी स्वयंपाकघराला रंग देताना सिंकाखालचा गळका ट्रॅप, म्हणजे सांडपाण्याचा वाकडा पाईप, बदलून घेतला होता. नव्या प्लास्टिकच्या ट्रॅपला डिशवॉशरची नळी जोडायला एक बारीक तोटी असते आणि ती कारखान्यातून बंद तोंडाची येते. नळी जोडायची असेल तर आधी ते तोंड कापायचं. प्लंबरनं न कापताच वर नळी चढवून क्लॅम्प आवळला होता. म्हणजे बिचारा पंप भिंतीवर डोकं आपटत होता. ब्लेडनं तोंड कापायला दोन मिनिटं लागली. काढलेला जुना पंप माळ्यावर आहे, त्याला बायकोनं चिठ्ठी लावलीय: 'चांगला आहे'.

त्यानंतर टिळकवाडी-वडगावात ओळखीच्यांची चार-पाच मशीनं बघितली. माणसं त्याच त्याच चुका करतात, म्हणून हे लिहितोय.

पहिली चूक माझीच: कोड वाचून निकाल देणं

कोड तक्रार सांगतो, दोषी कोण ते सांगत नाही. बॉश आणि सीमेन्सच्या मशीनवर ई-२४ आला तर पाणी बाहेर जात नाही एवढाच अर्थ. नळी मुडपली असेल, तुंबली असेल किंवा पुढचा पाईप तुंबला असेल. ई-२५ आला तर पंपात काहीतरी अडकलंय किंवा पंपावरचं झाकण नीट बसलेलं नाही. एलजीवर ओई, सॅमसंगवर ५सी (जुन्यांवर ५ई) हे निचऱ्याचेच कोड. बाकीच्यांसाठी मशीनसोबतची पुस्तिका काढा, ती बहुतेक वॉरंटी कार्डाच्या पिशवीतच असते.

कोडच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: मशीन चांगलं चालत होतं तेव्हापासून घरात काय बदललं? सिंक, ट्रॅप, ओटा, मशीनची जागा? मी हा प्रश्न विचारला असता तर पंपाचे पैसे वाचले असते.

पुन्हा पुन्हा स्टार्ट दाबणं

पाणी साठलंय म्हटल्यावर लोक मशीन बंद-चालू करत बसतात. बऱ्याच मशीनमध्ये स्टार्टचं बटण तीनेक सेकंद दाबून धरलं की चालू प्रोग्राम रद्द होतो आणि मिनिटभर निचरा होतो. हे एकदा करून बघायला हरकत नाही. पावसाळ्यात लाईट जाऊन मशीन मध्येच थांबलं असेल तर तेवढ्यानंच काम भागतं. हेस्कॉमची (आमची वीज कंपनी) लाईट गेली आणि तळाला पाणी दिसलं म्हणून पंपावर खापर फोडू नका. पण एकदा, फार तर दोनदा. त्यानंतर प्लग काढायचा. नुसतं बटण बंद नाही, प्लगच सॉकेटातून बाहेर. आणि नळही बंद.

गरम प्रोग्राम चालू असेल तर पाणी निवू द्या. मग स्पंजनं आणि जुन्या मगानं पाणी काढा. हात घालताना रबरी हातमोजे घाला. फुटलेल्या काचेच्या ग्लासचा तुकडा नेमका तळाच्या खड्ड्यात जाऊन बसतो आणि गढूळ पाण्यात तो दिसत नाही.

गाळणी धुतली म्हणजे सगळं झालं, हा समज

गाळणी डावीकडे फिरवून बाहेर येते, ती सगळे धुतात. तिच्या खालच्या खड्ड्यात कोणी बघत नाही. माझ्या मशीनमध्ये खाली निघालं ते असं: तारेच्या घासणीचे दोन तुकडे, चिंचेचा चिंचोका, नारळाची शेंडी आणि नव्या स्टीलच्या डब्याचा स्टिकर. स्टिकर हा फार लबाड प्रकार आहे. गरम पाण्यात सुटतो, गोळा होतो आणि पंपाच्या तोंडाशी झाकणासारखा चिकटतो. नवी भांडी आणली की आधी हातानं स्टिकर सोडवा, मग मशीनला लावा. शेंगदाण्याची चटणी, शिळा भात, कढीपत्ता वगैरे ताटातून आधी झटकावंच लागतं. तेवढं झटकलं की पुरे, नळाखाली धुवायची गरज नाही.

गाळणी काढल्यावर बऱ्याच मशीनमध्ये एक छोटं प्लास्टिकचं झाकण दिसतं. चमच्याच्या दांड्यानं ते हळूच उचलता येतं. त्याखाली पंपाचं पातं. लाकडी काडीनं ते फिरवून बघा. आणि इथं एक जण हटकून फसतो: पातं मोकळं गरगर फिरत नाही, अडखळत, झटके देत फिरतं. आत चुंबक आहे, ते तसंच फिरायचं. अजिबात हलत नसेल तरच काहीतरी अडकलंय. अडकलेलं काढा, झाकण खटकन आवाज येईपर्यंत परत दाबा. झाकण अर्धवट बसलं तर सगळं स्वच्छ करूनही पाणी जाणार नाही, मग मात्र तुम्ही पंपालाच शिव्या देणार.

गाळणीखाली थोडं स्वच्छ पाणी नेहमीच असतं, त्याला तुंबणं म्हणत नाहीत.

बादलीची परीक्षा न घेणं

पंप गुन्हेगार आहे का, याचं उत्तर द्यायला बादली पुरते. सिंकाच्या बाजूनं नळीचं टोक सोडवा आणि बादलीत सोडा. प्लग लावा, प्रोग्राम रद्द करून निचरा सुरू करा. पाणी जोरात आलं तर पंप ठणठणीत, भानगड पुढे सिंकाच्या ट्रॅपमध्ये नाहीतर बाहेरच्या चेंबरमध्ये. पाणी आलं नाही, थेंबथेंब आलं, तर नळी किंवा पंप.

बादली मात्र जमिनीवर ठेवू नका, स्टुलावर, सिंकाच्या उंचीजवळ ठेवा. खाली ठेवली तर एकदा धार लागल्यावर पाणी आपल्या वजनानंच उतरत राहतं आणि अशक्त पंपही पैलवान दिसतो. नळीचं टोक कोणीतरी हातात धरा. माझ्या भाच्यानं ते सोडलं आणि अख्खी मोरी धुवून निघाली.

आवाजही ऐका. घरघर आहे पण पाणी हलत नाही, तर अडकलेलं किंवा पुढे बंद. काहीच आवाज नाही, तर वायर, पंपाची कॉईल किंवा आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड. आणि पंप थांबतच नाही, मशीन बंद असतानाही पाणी उपसतोय असा आवाज येतोय, तर तुंबण्याचा प्रश्नच नाही. अनेक मशीनच्या तळाशी ताटली असते, गळती होऊन तिच्यात पाणी आलं की फ्लोट (पाण्यावर तरंगणारा तुकडा) वर उचलला जातो आणि मशीन घाबरून उपसत राहतं. बॉशवर याचाच ई-१५. यू-ट्यूब बघून मशीन पंचेचाळीस अंशात कलंडवणारे याच चुकीनं नवं दुखणं ओढवून घेतात: आधी तळाचं पाणी काढलेलं नसतं, ते कलंडताना ताटलीत सांडतं.

नळीची उंची आणि मोरी

आपल्याकडच्या जुन्या घरांत मशीनसाठी जागा स्वयंपाकघरात नसते. मग ते मागच्या पडवीत जातं आणि नळी थेट मोरीच्या जाळीत खुपसली जाते. टोक तिथल्या पाण्यात बुडालेलं राहतं. मग कधी मशीनमध्ये भरलेलं पाणी आपोआप वाहून जातं, तर कधी घाण पाणी उलटं आत शिरतं. नळी एकदा वर नेऊन कमान करून मग खाली आणायची. वरची उंची साधारण ४० सेंटिमीटर ते १ मीटरच्या दरम्यान, नेमका आकडा तुमच्या पुस्तिकेत असतो. लांबवण्यासाठी जोड मारून नळी फार लांब ओढली की पंपाला ती झेपत नाही.

पाणी उलटं येतंय का हे ओळखायची खूण अनगोळच्या एका काकूंनी सांगितली, ती मला कुठल्या पुस्तिकेत सापडली नसती. रात्री मशीन लावलंच नव्हतं, सकाळी दार उघडलं तर तळाशी चहाचा चोथा. चहाची गाळणी काकू कधीच मशीनला लावत नाहीत, मग चोथा आला कुठून? सिंकातून. तिथं नळीला कमान नव्हती, बांधून दिल्यावर प्रश्न मिटला.

कॉस्टिक, ॲसिड, भांड्यांचं लिक्विड

सिंकासाठी आणलेलं ड्रेन क्लीनर मशीनच्या तळात ओतू नका. रबरी सील आणि नळ्या त्यानं खराब होतात, शिवाय पंप चालू झाला की ते पाणी अंगावर उडायची भीती. बाथरूमचं ॲसिड तर स्टीलच्या टाकीला खड्डे पाडतं. हातानं भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंबही फेसाचा डोंगर करतात आणि फेस पंपाला ओढता येत नाही. तवंग घट्ट झाला असेल तर गाळणी गरम पाण्यात बुडवून जुन्या ब्रशनं घासा.

मल्टिमीटरचं शेवटचं काम

एवढं सगळं करून पंपावरच शंका राहिली, आणि विजेची कामं सवयीची असतील, तरच पुढे जा. प्लग काढून पंपाची वायर सोडवा आणि दोन टोकांत रोध मोजा. २३० व्होल्टच्या साध्या पंपात तो शंभर ते दोनशे ओहमच्या आसपास येतो. काटा हललाच नाही तर कॉईल तुटली, पंप खरंच गेला. नव्या मशीनमधले काही पंप इलेक्ट्रॉनिक असतात, त्यांना ही मोजणी लागू नाही. वॉरंटी चालू असेल तर स्क्रूला हातही लावू नका.

सर्व्हिसवाल्याला फोन करायचाच झाला तर आपली रीत अशी: "नीर होगाकत्तिल्ल", पाणी जात नाही, एवढंच सांगून फोन ठेवायचा. पलीकडचा माणूस मग पिशवीत पंप घालूनच येतो. त्याला कन्नडमध्ये सांगा, मराठीत सांगा, पण चार गोष्टी सांगा: कोड कुठला, आवाज कसला, बादलीत पाणी आलं की नाही, आणि सिंकाखाली अलीकडे कोणी हात घातला होता का.