राउटरवर वाय-फायची सुरक्षा कोणती निवडावी?

थोडक्यात उत्तर हवं असेल तर हे घ्या: घरातली सगळी उपकरणं नवी असतील तर ‘डब्ल्यूपीए३-पर्सनल’, नसतील तर ‘डब्ल्यूपीए२-पर्सनल’, एन्क्रिप्शन (हवेतून जाणारी माहिती कुलूपबंद करण्याची पद्धत) ‘एईएस’. पासवर्ड लांब ठेवायचा आणि डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने झटपट जोडण्याची सोय) बंद करायचं. मात्र राउटरच्या यादीतला पर्याय निवडून काम संपत नाही. घरचं वाय-फाय फोडलं जातं ते बहुतेक वेळा कच्च्या पासवर्डामुळे किंवा चालू राहिलेल्या डब्ल्यूपीएसमुळे.

बदल करताना लॅपटॉप शक्यतो केबलने राउटरला जोडा. वाय-फायवरून सेटिंग बदललं की ‘सेव्ह’ दाबताच तुमचंच कनेक्शन तुटतं. राउटरचा पत्ता त्याच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलवर असतो, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१. तो ब्राउझरमध्ये टाका. आत गेल्यावर आधी राउटरच्या लॉगिनचा पासवर्ड बदला. तो वाय-फायच्या पासवर्डाहून वेगळा असतो, आणि कारखान्यातून आलेला तसाच राहिला तर नेटवर्कवर आलेला कोणीही तुमची सगळी मेहनत पुसू शकतो. इंटरनेट जोडणीसाठी युजरनेम-पासवर्ड लागत असेल तर तेही कागदावर उतरवून ठेवा. पुढे कधी रिसेटचं बटण दाबायची वेळ आली तर ते पुसलं जाईल.

आता ‘वायरलेस सिक्युरिटी’चं पान. सगळ्यात जुनी पद्धत डब्ल्यूईपी. ती २००१ सालीच फोडली गेली, आज ती काही मिनिटांत फुटते. डब्ल्यूपीए ही २००३ ची तात्पुरती मलमपट्टी होती. जुन्याच यंत्रांवर चालावं म्हणून त्यात ‘टीकेआयपी’ हे कमकुवत एन्क्रिप्शन वापरलं होतं. २००४ च्या डब्ल्यूपीए२ मध्ये एईएस आलं. यादीत ‘डब्ल्यूपीए/डब्ल्यूपीए२ मिक्स्ड’ किंवा ‘टीकेआयपी+एईएस’ दिसलं तर मोह टाळा. अशा मिश्रणात सगळ्यांना एकदम जाणारे संदेश टीकेआयपीनेच कुलूपबंद होतात. शिवाय टीकेआयपीवर जोडलेल्या उपकरणाचा वेग ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही. राउटर चांगला असूनही लिंकचा वेग नेमका ५४ वर अडकला असेल तर आधी हेच तपासा. ‘एंटरप्राइज’ घरासाठी नाही, त्याला वेगळा सर्व्हर लागतो. वाय-फायला जोडताना फोन अचानक युजरनेम मागू लागला तर चुकून तोच पर्याय निवडला गेला आहे.

२०१८ साली आलेल्या डब्ल्यूपीए३ चा खरा फायदा वेगळाच आहे. डब्ल्यूपीए२ मध्ये तुमचा फोन जोडला जाताना होणारी देवाणघेवाण बाहेर उभा असलेला माणूस टिपून नेऊ शकतो आणि मग निवांत, स्वतःच्या यंत्रावर, लाखो पासवर्ड लावून बघू शकतो. डब्ल्यूपीए३ मध्ये प्रत्येक अंदाजासाठी त्याला राउटरकडेच यावं लागतं.

अडचण जुन्या प्रिंटरांची, कॅमेऱ्यांची आणि स्मार्ट बल्बांची. त्यांच्यासाठी ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ असा संक्रमणाचा पर्याय असतो. तो चालेल, पण डब्ल्यूपीए२ ने जोडलेल्या उपकरणाची देवाणघेवाण तरीही टिपता येते आणि पासवर्ड दोघांचा एकच असतो. म्हणजे पासवर्ड डब्ल्यूपीए२ च्या हिशोबानेच भक्कम हवा. काही उपकरणं या मिश्रणातही जोडली जात नाहीत. मग राउटरच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) निव्वळ डब्ल्यूपीए२ ठेवा, ५ गिगाहर्ट्झवर डब्ल्यूपीए३, आणि दोन्हींना वेगवेगळी नावं द्या. नाव एक आणि सुरक्षा दोन असली की फोन गोंधळतात. ६ गिगाहर्ट्झवर मात्र डब्ल्यूपीए३ सक्तीचंच आहे.

शेजारी ‘पीएमएफ’ किंवा ‘प्रोटेक्टेड मॅनेजमेंट फ्रेम्स’ असेल. ते नसेल तर बाहेरचा कोणीही खोटे संदेश पाठवून तुमच्या फोनचं कनेक्शन तोडू शकतो, आणि फोन पुन्हा जोडला जाताना वर सांगितलेली देवाणघेवाण आयती टिपतो. डब्ल्यूपीए२ असेल तर ‘कॅपेबल’ किंवा ‘ऑप्शनल’ निवडा. ‘रिक्वायर्ड’ केलं तर जुनी उपकरणं जोडलीच जाणार नाहीत. डब्ल्यूपीए३ मध्ये ते आपोआप सक्तीचं होतं.

पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो, पण ८ हा निव्वळ नियम आहे, सल्ला नाही. आठ आकडी पासवर्डाच्या शक्यता १० कोटीच. आजच्या चांगल्या ग्राफिक्स कार्डाला ते काही मिनिटांचं काम. फोन नंबर आणि जन्मतारखा तर सगळ्यात आधी लावून पाहिल्या जातात. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द, सरळ रोमन लिपीत, जोडून लिहिणं उत्तम. देवनागरी अक्षरं किंवा फोनने आपोआप वळवलेली अवतरणचिन्हं घातली तर एखाद्या उपकरणावर ‘चुकीचा पासवर्ड’ येत राहील आणि कारण सापडणार नाही. नेटवर्कचं नावही बदला. डब्ल्यूपीए२ ची किल्ली नाव आणि पासवर्ड मिळून तयार होते, आणि सरसकट आढळणाऱ्या नावांसाठी अशा किल्ल्यांचे तक्ते आधीच बनवलेले मिळतात. नावात आडनाव किंवा घराचा नंबर नको.

डब्ल्यूपीएस बंद करा, चर्चा नको. त्याचा पिन दिसायला ८ आकडी, पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो आणि राउटर दोन भाग वेगवेगळे तपासतो. त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न पुरतात. ही त्रुटी २०११ मध्ये उघड झाली.

नेटवर्कचं नाव लपवणं आणि मॅक फिल्टर (ठरावीक उपकरणांच्या मॅक पत्त्यांनाच प्रवेश देणं) यांवर वेळ घालवू नका. लपवलेलं नाव तुमचाच फोन जोडताना हवेत बोलून दाखवतो, मॅक पत्तेही हवेत उघडे असतात आणि नकलता येतात. त्यापेक्षा पाहुण्यांसाठी आणि स्मार्ट उपकरणांसाठी ‘गेस्ट नेटवर्क’, म्हणजे घरच्या उपकरणांपासून वेगळं ठेवलेलं नेटवर्क, चालू करा. त्यावरून घरच्या प्रिंटरवर छापता येणार नाही किंवा टीव्हीवर व्हिडिओ पाठवता येणार नाही. हा बिघाड नाही, ते त्यासाठीच असतं.

बाहेरून राउटर चालवण्याची ‘रिमोट मॅनेजमेंट’ सोय बंद करा आणि फर्मवेअर (राउटरचं आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा. २०१७ मध्ये डब्ल्यूपीए२ मधली ‘क्रॅक’ नावाची त्रुटी सापडली, तेव्हा सुटका पासवर्ड बदलून नाही, अपडेटनेच झाली.

सेव्ह केल्यावर प्रत्येक फोनवर जुनं नेटवर्क ‘फरगेट’ करून नव्याने जोडा. नाहीतर फोन जुनीच माहिती वापरत अडून बसतो. मग विंडोजमध्ये वाय-फायच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये सुरक्षेचा प्रकार बघा. आयफोनवर नेटवर्कच्या नावाखाली ‘वीक सिक्युरिटी’ दिसत असेल तर कुठेतरी टीकेआयपी किंवा डब्ल्यूईपी अजून चालू आहे. बहुधा दुसऱ्या बँडवर.